नको नको म्हणता शाळा

शाळा काढायला माणसाच्या अंगी काय असावं लागतं, असं हल्ली मला कुणी विचारलं तर मी एका शब्दात सांगतो: निर्लज्जपणा. बाकीचं सगळं मिळतं. इमारत मिळते, खडू-फळे मिळतात, मास्तर मिळतात. पण चारचौघांत तोंड वर करून "हे मला हवंय" असं म्हणणारा माणूस आमच्या नॉर्डबी गावात औषधालासुद्धा मिळत नाही. सगळ्या मिनेसोटातच तो कमी मिळतो म्हणा, पण नॉर्डबीत तर नाहीच. आणि मी, व्हर्लिन टॉलफसन, याच गावात जन्मलो, याच गावात विमा विकतो. विकतो म्हणजे काय, तर लोकांच्या घरी जाऊन हवापाण्यावर बोलत बसतो आणि त्यांनीच कधीतरी कंटाळून "बरं, सही कुठे करू?" म्हणावं याची वाट बघतो.

आमची चांगली चालती शाळा जिल्ह्यानं बंद केली तीसुद्धा आमच्या याच गुणामुळे. जिल्ह्याचे साहेब सभा घ्यायला आले. पोरं कमी झालीत, छप्पर गळतंय, तेव्हा इथली शाळा बंद करून सगळ्यांना पलीकडच्या हार्लो गावी बसनं पाठवू म्हणाले. मग विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय का?" आम्ही सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे बघितलं. शेवटी धान्याच्या कोठारावरचा ड्वेन स्कॉगमो म्हणाला, "हं. हे जरा वेगळंच आहे." आता नॉर्डबीत एवढं बोलणं म्हणजे खुर्ची उचलून फेकण्यासारखं आहे. आम्ही सगळे हादरलो, ड्वेननं फारच ताणलं असं परत जाताना बोललोही. पण साहेब पडले बाहेरगावचे. त्यांनी 'विरोध नाही' असं लिहून घेतलं आणि गेले.

यात माझं काय गेलं? माझी लेक ब्रिटा हार्लोच्या बसमध्ये गेली. वय सात, आणि तिला बस लागते. थोडीथोडकी नाही, सपाटून लागते. हार्लोची बस सगळ्या शेतांवरची पोरं गोळा करत खडीच्या रस्त्यावरून अशी वळसे घेत जाते की एखाद्या धट्ट्याकट्ट्या माणसालाही मळमळावं. त्यात हिवाळ्यात खिडक्या बंद आणि आत हीटरचा वास. साखर कारखान्याच्या वळणाला पोरगी रोज ओकायची. मग तिनं आपल्या डोक्यानं उपाय काढला. सकाळी काही खायचंच नाही, म्हणजे पडणार काय? ती दुपारपर्यंत उपाशी राहायला लागली. डोळ्यांखाली काळं आलं. मी तिला म्हटलं, "ब्रिटा, अर्धा टोस्ट तरी खा गं." तर म्हणाली, "नको बाबा, पोरं मला ओकारी म्हणतात." हे ऐकून मी गॅरेजमध्ये जाऊन उगीचच बर्फ काढायच्या फावड्याचा दांडा घट्ट करत बसलो.

माझी बायको मार्लिस फार कमी बोलते. लग्नाला होकार द्यायला तिनं मान हलवली होती, तीही अर्धवट. पण त्या दिवशी ती गॅरेजच्या दारात उभी राहून म्हणाली, "व्हर्लिन, ही पोर पुढच्या हिवाळ्यात त्या बसमध्ये चढणार नाही. इथे शाळा होणार असेल तर बघ. नाहीतर मी तिला घेऊन फार्गोला आईकडे राहते."

फार्गोला माझी सासू राहते. तिच्या सोफ्यांवर अजून प्लॅस्टिकची कव्हरं आहेत आणि ती मला नावानं हाक मारत नाही, 'तो विम्यावाला' म्हणते. आठवड्यातून एकदा त्या प्लॅस्टिकवर बसून माझ्याच लेकीला भेटायचं? छे! मी त्याच रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी पिता पिता म्हटलं, "कुणीतरी शाळेचं काहीतरी बघायला हवं."

बस, झालं! आमच्या पास्टर लुंडीनबाई म्हणाल्या, "चार्टर शाळा काढता येते की. पैसा सरकारचा, चालवायची आपण. एखाद्या संस्थेची मंजुरी मिळवली की झालं. अध्यक्ष मात्र हवा." आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "छे छे, मी कसला! ड्वेन आहे ना." मग पुन्हा आग्रह. मी पुन्हा म्हटलं, "नको हो, माझ्यापेक्षा लायक माणसं आहेत." आता इथली रीत अशी आहे की कुणी काही देऊ केलं तर दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. कॉफी असो, जेवण असो, नाहीतर अडकलेली गाडी ढकलायची मदत असो. पहिल्या फटक्याला हो म्हणणारा माणूस हावरट, आणि तिसऱ्यांदा न विचारणारा माणूस उर्मट. मी तिसऱ्यांदाही मनापासून नको म्हणणार होतो. पण तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या तोंडात लिंबाची वडी होती.

समितीत आम्ही चौघं. मी, ड्वेन, पास्टरबाई आणि लाव्हॉन प्रीबिल. लाव्हॉनबाईंचा नवरा बॉलिंगचं दुकान चालवायचा, म्हणजे लोकांनी भाड्याचे बूट घालून लांब लाकडी पट्ट्यांवरून, लेनवरून, जड गोळा घरंगळत सोडायचा आणि टोकाच्या दहा पिना पाडायच्या. तो गेला, दुकान बंद पडलं, आणि ती लांबलचक इमारत गावाच्या मधोमध तशीच पडून होती. ती आम्हाला लगेच सुचली असं समजू नका. आधी जुनी शाळा मागायला गेलो. मागायला गेलो म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन, "तुमची ती इमारत अजून उभी आहे वाटतं," असं म्हणालो. ते म्हणाले, "हो, त्यात मोडके बाक ठेवलेत." आम्ही म्हटलं, "छान, बाकांची सोय झाली," आणि परत आलो. मग चर्चचं तळघर बघितलं. पण तिथे भिंतभर येशूचं चित्र. सरकारी पैशाच्या शाळेत ते चालत नाही म्हणे. ड्वेन म्हणाला, पडदा लावू. त्यावर दोन रविवार वाद झाला, म्हणजे दोन रविवार कुणीच कुणाशी बोललं नाही. शेवटी लाव्हॉनबाईच म्हणाल्या, "आमचं दुकान काही फार चांगलं नाही, तुम्हाला नकोच असेल." आम्ही त्यांना दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घेतलं.

इमारत तपासायला राज्याचा निरीक्षक आला. उंच, लाल मिशांचा, हातात मोजायची टेप घेतलेला माणूस. दार बघून म्हणाला, "हे आत उघडतं. शाळेचं दार बाहेर उघडायला पाहिजे." आम्ही ते बाहेर उघडायचं करून घेतलं. तो पुन्हा आला आणि म्हणाला, "हे बाहेर उघडतं ते थेट फुटपाथवर. लोकांच्या तोंडावर आपटेल." मी म्हटलं, "मग काय करू? दारच काढून टाकू?" तो म्हणाला, "दार पाहिजेच." मग संडास उंच निघाले, खिडक्या कमी निघाल्या, आणि भाड्याच्या बुटांचा जो वास वर्षानुवर्षं मुरलाय त्याला कुठल्या नियमात बसवायचं हे त्याला पुस्तकात सापडेना. शेवटी तो लेनच्या टोकाशी वाकून पिना उभ्या करायच्या यंत्रात डोकावला. "हे चालू आहे का?"

"छे हो, केव्हाच मेलंय," ड्वेन म्हणाला आणि खात्री पटावी म्हणून त्यानं बटण दाबलं.

इतक्या वर्षांत त्या यंत्राला जी तब्येत आली नव्हती ती नेमकी तेव्हा आली. वरून घरघरत दांडा खाली आला, त्यानं निरीक्षकाची टोपी, चष्मा, टेप, सगळं झाडून आत ओढून नेलं आणि त्या जागी दहा पिना सरळ रांगेत उभ्या करून ठेवल्या. कुणी हसलं नाही. लाव्हॉनबाई एवढंच म्हणाल्या, "हे असं नवऱ्याच्या वेळी कधी जमलं नाही." निरीक्षकानं पुढे दार, संडास आणि यंत्र यांच्यापायी आम्हाला कित्येक आठवडे नाचवलं, पण शेवटी इमारत पास केली. फक्त पोरं किती बसवायची त्याची मर्यादा घालून दिली.

मंजुरीच्या अर्जाचं तर विचारूच नका. त्यात एक प्रश्न होता: तुमची शाळा इतर शाळांपेक्षा कशी वेगळी आणि चांगली असेल? मी तुम्हाला सांगतो, नॉर्डबीच्या माणसाला असं विचारणं म्हणजे त्याला भर चौकात कपडे काढायला सांगणं. आम्ही आणि चांगले? इतरांपेक्षा? लोक काय म्हणतील? सल्ले मात्र रस्त्यात अडवून मिळत होते. एक म्हणे नॉर्वेजियन भाषा शिकवा. एक म्हणे गोठलेल्या तळ्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरायला शिकवा, गणित आपोआप येतं. न्हाव्यानं माझी अर्धी हजामत थांबवून सांगितलं की आइस हॉकीशिवाय शाळा म्हणजे पोरांची निव्वळ फसवणूक, आणि मी हो म्हणेपर्यंत कात्री चालवेना. शेवटी आम्ही चौघांनी मिळून लिहिलं, "शाळा तशी बरी असेल. अगदी वाईट नसेल." अर्ज परत आला. वर शेरा होता, 'उमेद दिसत नाही.'

उमेद दिसत नाही! मी रात्रंदिवस दारांच्या बिजागऱ्यांची स्वप्नं बघत होतो आणि यांना उमेद दिसत नाही! मग पास्टरबाईंनी मन घट्ट करून दुसरा अर्ज लिहिला. त्यात 'उत्तम' हा शब्द एकदा आला होता. तो वाचताना त्यांचा चेहरा लालबुंद झाला, लाव्हॉनबाईंनी खिडकीबाहेर बघितलं, आणि आम्ही तो घाईघाईनं पाकिटात घालून बंद केला.

आणि तो लागू पडला. मिनियापोलिसच्या त्या मंजुरी देणाऱ्या संस्थेनं एक बाई पाठवली. डनीज कालाब्रीझ. मूळची न्यू जर्सीची, बुटकी, चटपटीत, आणि बोलायला लागली की समोरच्याचा घास घशात अडकावा अशी. आल्या आल्या लाव्हॉनबाईंनी विचारलं, "कॉफी घेणार का?" त्या म्हणाल्या, "हो, द्या!"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. पहिल्याच विचारण्याला! लाव्हॉनबाईंनी कॉफी अजून चढवलीही नव्हती. कोण पहिल्या खेपेला हो म्हणतं म्हणून चढवणार? मग बशीत वड्या आणल्या. शेवटची एक वडी उरली की आमच्याकडे कुणी ती उचलत नाही. तिच्यातली अर्धी घ्यायची, मग उरलेल्यातली अर्धी, आणि शेवटी जो चुरा राहतो तो घरधनिणीनं उचलायचा. कालाब्रीझबाईंनी ती अख्खी उचलून तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "झकास! आणखी आहेत?" पास्टरबाई मनातल्या मनात त्यांच्यासाठी प्रार्थना करत असाव्यात असं वाटलं.

पण बाईंचं काम चोख. लेनवर आखलेले वर्ग बघितले, आम्ही ठरवून ठेवलेल्या शिक्षकांशी बोलल्या, ड्वेनच्या तोंडून सरळ तीन वाक्यं काढली, जे त्याच्या बायकोला जमलेलं नाही. मग खुर्चीत टेकून म्हणाल्या, "हे बघा. मला तुमचं काम आवडलं. एका शाळेनं यंदा माघार घेतली आहे, त्यामुळे एक जागा मोकळी आहे. तुम्ही याच सप्टेंबरात शाळा सुरू करू शकता. हवी का?"

माझ्या काळजात लख्ख झालं. ब्रिटा डोळ्यांसमोर आली, सकाळी टोस्ट खाणारी. आणि माझ्या तोंडातून काय निघालं? "छे छे, आमच्यासाठी एवढा त्रास कशाला!"

"दुसऱ्या कुणाला जास्त गरज असेल," पास्टरबाई म्हणाल्या.

बाईंनी भुवया उंचावल्या. "नक्की? म्हणजे, नको आहे तुम्हाला?"

"नको हो, आम्ही काय, भागवून घेऊ," ड्वेन म्हणाला. लाव्हॉनबाईंनीही मान हलवली. आम्ही चौघंही खूश होतो. दोनदा झालं होतं. रीत पुरी झाली होती. मी तिसऱ्याची वाट बघत 'बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर' हे वाक्य जिभेच्या टोकावर आणून ठेवलं.

कालाब्रीझबाईंनी फाइल मिटली. "ठीक आहे. निदान स्पष्ट सांगितलंत. थँक यू." आणि उठल्या.

आम्ही घाबरलो नाही. आमच्याकडे निरोप घ्यायलाच निम्मी संध्याकाळ लागते. दारात एकदा गप्पा होतात, पायऱ्यांवर एकदा, मग गाडीच्या खिडकीशी पुन्हा. मोठ्या गोष्टी गाडीशीच ठरतात. आम्ही लगबगीनं कोट चढवून बाहेर आलो, तर बाईंची गाडी कोपऱ्यावर वळत होती.

"विचारायला परत येतील," लाव्हॉनबाई म्हणाल्या.

आम्ही बराच वेळ फुटपाथवर उभे होतो. नव्यानं बाहेर उघडणारं दार वाऱ्यानं ड्वेनच्या पाठीत आपटलं तेव्हा आत गेलो.

घरी आल्यावर मार्लिसनं विचारलं, "मग? काय म्हणाल्या?"

"देत होत्या," मी म्हटलं. "पण त्यांनी दोनदाच विचारलं."

मार्लिसनं माळ्यावरून दोन सुटकेसा काढल्या आणि आईला फोन लावला. फार्गोकडून मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं आवाज आला, "मी म्हटलंच होतं, त्या विम्यावाल्याकडून काही व्हायचं नाही!"

दुसऱ्या दिवशी मी कालाब्रीझबाईंना फोन केला. आमच्याकडच्या गारांबद्दल सांगितलं. त्यांनी "अच्छा" म्हटलं. बिटाचं पीक बरं आहे म्हटलं. त्या म्हणाल्या, "मिस्टर टॉलफसन, तुम्हाला काही काम आहे का?" मी म्हटलं, "नाही नाही, सहज," आणि फोन ठेवला. ठेवल्यावर स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मग मात्र मी गाडी काढली आणि थेट मिनियापोलिस गाठलं. त्यांच्या कचेरीत जाऊन समोरच्या खुर्चीत बसलो. वाटेत वाहतूक बरी होती असं सांगितलं. बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या टेबलावर दात पडलेल्या कुणाच्या तरी लेकराचा फोटो होता, आणि तो बघता बघता माझ्या पोटातून काहीतरी वर आलं.

"हवीय!" मी ओरडलो. "शाळा हवीय आम्हाला! ती जागा आम्हालाच हवीय, दुसऱ्या कुणाला नाही! माझी लेक रोज बसमध्ये ओकते हो, उपाशी शाळेत जाते, पोरं तिला नावं ठेवतात, बायको माहेरी चाललीय! आमची शाळा चांगली आहे! इतरांपेक्षा चांगली आहे!" बाहेरच्या टायपिस्टनं काचेतून डोकावून बघितलं. मला घाम फुटला होता. मी म्हटलं, "माफ करा."

"मग त्या दिवशी नको का म्हणालात?"

"तुम्ही तिसऱ्यांदा विचारलंच नाहीत!"

मी त्यांना सगळी रीत समजावून सांगितली. त्या तोंडावर हात ठेवून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या घरी एकदाही विचारत नाहीत. सरळ ताटात वाढतात, आणि नको म्हटलं की आई रडते." जागा अजून कुणाला दिली नव्हती. ती त्यांनी आम्हाला दिली. वर अट घातली, "पण नियम पाळायचे. मुदतीत नावं घ्यायची. जागा भरल्या की पुढचे रांगेत. कुणी सोडली तर रांगेतल्या पहिल्याला. अध्यक्षांचं पोर असो की आणखी कुणाचं, वशिला नाही." मी म्हटलं, "वशिला? आमच्याकडे?" आणि गाणं म्हणत घरी आलो. मार्लिसनं सुटकेसा माळ्यावर ठेवल्या, पण फार आत ढकलल्या नाहीत.

तर आता संपलं असं वाटेल तुम्हाला. मलाही वाटलं. नावनोंदणीच्या पहिल्या दिवशी मी बॉलिंगच्या काउंटरवर, जिथून पूर्वी बूट द्यायचे तिथे, पेन घेऊन बसलो. आख्खं गाव येऊन गेलं. सगळ्यांनी वर्ग बघितले, कॉफी प्यायली. नाव कुणी दिलं नाही. "आधी इतरांची होऊ देत," ज्याच्या त्याच्या तोंडी हेच. "उरली एखादी जागा, तर आमच्या पोराचं बघू." चार पोरांची आई, रोज त्या बसमागे धावणारी, तीसुद्धा म्हणाली, "आमची काय, जातील कुठेही." मुदत संपत आली आणि शाळेत एक पोर नाही!

माझं डोकं फिरलं. रविवारी प्रार्थना संपल्या संपल्या मी उभा राहिलो आणि पास्टरबाईंना न विचारता पुढे जाऊन म्हणालो, "ऐका! शाळेच्या बाबतीत आजपासून एकदाच विचारणार. हो म्हणजे हो. नको म्हणजे नको, आणि नको म्हटलं तर दुसऱ्यांदा कुणी विचारायचं नाही. ज्याच्या तोंडून नको निघेल त्याचं पोर बसमध्ये. कळलं?" मागच्या बाकावरून एक म्हातारी उठून गेली. ड्वेन म्हणाला, "वेगळंच आहे हे." पण मी ऐकणार नव्हतो. पुढचे सगळे दिवस दारोदार हिंडलो. "नाव घालू? हो की नको?" लोक चाचरायचे, जमिनीकडे बघायचे, घामाघूम व्हायचे, आणि शेवटी एखाद्यानं गुन्हा कबूल करावा तसं "हो" म्हणायचे. मला तर त्यात मजा वाटायला लागली. विमासुद्धा असाच विकायला हवा होता असं मनात आलं.

शेवटच्या दुपारी दोनच जागा उरल्या आणि लाव्हॉनबाईंची भाची आपल्या जुळ्यांना घेऊन आली. "घालू नावं?" मी दरडावून विचारलं. ती बिचारी दचकून "हो" म्हणाली. मी झोकात दोन्ही नावं लिहिली, पेनाचं टोपण लावलं, आणि शाळा भरली! मी काउंटरवर थाप मारली.

आणि मग आठवलं.

ब्रिटाचं नाव मी घातलंच नव्हतं. अध्यक्षानं पहिलं नाव स्वतःच्या पोरीचं घातलं तर कसं दिसेल? म्हणून म्हटलं, आधी लोकांची होऊ देत. आपली शेवटी. उरलेल्या जागेत.

मी घरी गेलो तेव्हा ब्रिटा जेवणाच्या टेबलावर रंगीत खडूंनी दहा पिना काढत बसली होती. "बाबा, माझा वर्ग कुठल्या लेनवर आहे?" मार्लिसनं माझ्याकडे बघितलं, आणि मी तिला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं. ब्रिटाचं नाव रांगेत आहे. पहिलं आहे, पण रांगेत आहे. शाळेत आहेत ती गावची सगळी पोरं, ब्रिटा सोडून.

मार्लिस ओट्याला धरून उभी होती. "तिला तू सांग," ती म्हणाली. "मी नाही सांगणार." तिचे डोळे भरले होते. मला आजवर आलेली सगळी लाज त्या क्षणापुढे काहीच नव्हती.

तेवढ्यात दार वाजलं. ड्वेन होता. हातात त्याच्या बायकोनं दिलेला भरला डबा, खिमा आणि वर बटाट्याचे तुकडे, आमच्याकडे कुणाच्याही दुःखात पाठवतात तसा. बातमी माझ्या आधी गावभर पोचली होती. तो दारातच उभा राहून टोपी फिरवत म्हणाला, "अरे व्हर्लिन, मी काय म्हणतो. आमच्या नातवाची जागा सोडतो मी. तुमचा पहिला नंबर आहे, ब्रिटाला मिळेल. मी तसाही रोज सकाळी ट्रक घेऊन हार्लोला जातो, पोरगा माझ्या शेजारी बसून येईल. त्याला ट्रक आवडतो. घेतोस?"

माझं काळीज उडी मारून घशाशी आलं. आणि घशातून, देवाशपथ सांगतो, मी न बोलवता, बाहेर काय पडलं? "छे छे, ड्वेन, नको रे, तुझ्या नातवाची जागा कशी घेऊ!"

ड्वेननं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. विचार ना रे, विचार, बाबा, पुन्हा एकदा विचार.

"बरं," ड्वेन म्हणाला. "नको तर नको. तूच सांगितलंयस, एकदाच विचारायचं." त्यानं डबा माझ्या हातात दिला, टोपी घातली आणि पायऱ्या उतरला. ट्रक चालू झाला.

माझे पाय दाराच्या उंबऱ्याला चिकटले होते. हातात गरम डबा. आणि माझ्या खांद्याला धक्का मारून कुणीतरी बाहेर पळालं. मार्लिस. पायात नुसते मोजे, कमरेला ॲप्रन, आणि लग्नाला अर्धी मान हलवणारी माझी बायको रस्त्याच्या मधोमध ट्रकमागे धावत सगळ्या नॉर्डबीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होती, "हवीय! ड्वेन! थांब! आम्हाला हवीय!"

समोरच्या घरांचे दिवे लागले. पडदे सरकले. गावाच्या टोकाशी ट्रकचे लाल दिवे पेटले आणि तो थांबला. मार्लिस खिडकीशी जाऊन काहीतरी म्हणाली, ड्वेननं काहीतरी म्हटलं. मग ती परत आली. धापा टाकत होती, मोजे चिखलानं भरले होते, आणि गाल असे लाल की मला लग्नातसुद्धा तसे दिसले नव्हते.

"मिळाली," ती म्हणाली. डबा माझ्या हातातून घेतला आणि ब्रिटाच्या समोर टेबलावर ठेवला. "जेव गं पोटभर. तुझी लेन उद्या बाबा दाखवेल."